चातुर्मासात पळणारा वकील

सत्तरीतल्या एका म्हाताऱ्यानं माझ्या हातातला कमंडलू काढून घेतला, आणि त्यामुळं मी पन्नाशी उलटल्यावर पळायला लागलो. काढून घेतला म्हणजे हिसकावला नाही, फार अदबीनं घेतला. “द्या हिकडं, वकीलसायेब. तुम्ही आपलं सावकाश या, घाई न्हाय.” चिकोडीकडचा तंबाखूचा शेतकरी तो. वाळक्या पिंढऱ्या, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. मला एवढं सांगून तो पुढं गेलासुद्धा. मी कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो, तोंड उघडं टाकून, आणि निघाल्यापासून दीड किलोमीटरही झालं नव्हतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या दिगंबर जैनांतले मुनी आणि आर्यिका, म्हणजे साध्वी, गाडीत बसत नाहीत. एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत जातात, तेही अनवाणी. त्याला विहार म्हणतात. वाटेत त्यांचा पाण्याचा कमंडलू एखाद्या श्रावकानं, म्हणजे संसारी जैनानं, हातात घ्यायचा आणि शेजारून चालायचं, हा मान असतो. जूनमधल्या त्या दिवशी पुढं चालत होती ती आर्यिका म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. इथं कागदावर मी तिला ‘ती’ म्हणतोय. समोर गेलो की ‘वंदामि, माताजी’ म्हणून वाकतो, आणि ती मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद देते. तोच आशीर्वाद माझ्या शेजारी वाकलेल्या माणसालाही मिळतो.

मला तिची माफी मागायची होती. काम एवढंच होतं, आणि तेवढ्यासाठी तिच्या बरोबरीनं चालणं भाग होतं. मुक्कामी तिच्याभोवती सदा गर्दी. पुरुषानं आर्यिकेपाशी एकट्यानं बसायचं नाही असा नियम आहे, आणि सख्ख्या भावाला त्यातून सूट नाही, कारण दीक्षेनंतर भाऊ कुणी उरतच नाही. राहता राहिला रस्ता. विहारात पहिले दोन-तीन किलोमीटर झाले की मंडळी मागं रेंगाळायला लागतात. बरोबरच्या दोघी आर्यिका वयस्कर, त्याही चार पावलं मागं असतात. पुढं उरते ती आणि कमंडलू धरणारा. दोन वाक्यं बोलायला तेवढं पुरे. मी ती दोन वाक्यं पाठ करून गेलो होतो, पण बोलायची वेळ येण्याआधीच माझं पोट आडवं आलं.

आता गुन्हा सांगतो. आठ वर्षांपूर्वी तिनं दीक्षा घ्यायचं ठरवलं तेव्हा ती निपाणीत शाळेत गणित शिकवत होती. घरातल्या सगळ्यांनी चार दिवस रडून घेतलं आणि मग होकार दिला. मी रडलो नाही. मी वकील, मी नोटीस पाठवली. सख्ख्या बहिणीला, रजिस्टर्ड पोस्टानं, पोचपावतीसह. आपण कुणाच्या तरी दबावाखाली हा निर्णय घेत आहात असे मानण्यास सबळ कारण आहे, वगैरे वगैरे. खाली, आपण आपली मनःस्थिती तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी, असाही एक परिच्छेद जोडला होता. घरी जाऊन जेवताना ‘नको जाऊस गं, मला करमणार नाही’ एवढं म्हणता आलं असतं. ते मला जमलं नाही. नोटीस मात्र पहिल्या फटक्यात जमली. पोचपावती परत आली, त्यावर तिच्या शाळेतल्या नावाची सही होती. थोड्याच दिवसांत दीक्षेबरोबर ते नाव गेलं, त्यामुळं त्या नावानं तिनं केलेली शेवटची सही बहुधा तीच. दीक्षेच्या दिवशी मी बेळगावच्या कोर्टात एका फालतू दाव्यात उलटतपासणी घेत होतो. ती तारीख मीच मागून घेतली होती.

तर यंदा आठ वर्षांनी तिचा संघ आमच्या भागात आला. चातुर्मास निपाणीजवळच्या एका खेड्यात ठरला. पावसाळ्याचे चार महिने आर्यिका एकाच ठिकाणी राहतात. दिवाळी झाली की पुन्हा विहार, आणि या वेळी थेट उत्तरेला, झारखंडातल्या शिखरजीपर्यंत. पुन्हा इकडं कधी, असं मी तिथल्या व्यवस्था पाहणाऱ्यांना विचारलं, तर त्यांनी नुसते हात वर केले. म्हणजे माझ्याकडं चार महिने होते. दिवाळीनंतर निपाणीहून कोगनोळीच्या नाक्यापर्यंत, कर्नाटकाची हद्द संपेपर्यंत, मला तिच्या शेजारून चालायचं होतं. त्यापुढं ती माझ्या हातची जाणार होती.

पळणाऱ्या माणसांचा मला आधीपासून तिटकारा. बेळगावात आमच्या टिळकवाडीत तर त्यांचं पीक आलंय. आमच्या एका अपार्टमेंटमध्ये सहा जण आहेत, दोन डॉक्टर, एक बिल्डर, बाकीचे बँकेतले. रविवारी पोपटी बनियनं घालून निघतात, परतताना हॉटेलात बसून इडली-वडा चेपतात आणि उतरवलं त्याच्या दुप्पट चढवून येतात. काळीज चालू आहे हे त्यांना घड्याळ सांगतं. लिफ्टमध्ये एकमेकांना विचारतात, “आज किती झाले?” आणि उत्तर देणारा प्रत्येक जण अर्धा किलोमीटर वाढवून सांगतो, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. ज्याच्या मागं कुत्रं लागलेलं नाही आणि ज्याची बस सुटत नाही, असा माणूस पळतोच कशाला, हे माझं मत मी बाररूममध्ये पुष्कळदा ऐकवलेलं. लोक हसायचे. मलाही फार विनोदी वाटायचं ते.

माझा डॉक्टर शाळेपासूनचा मित्र, त्यामुळं सभ्यपणानं बोलायची त्याला कधी गरज वाटली नाही. त्यानं मला तपासलं, माझ्या पोटावर टिचकी मारली आणि म्हणाला, “नुसतं चालून ह्यातलं काय उतरणार न्हाय. थोडं पळ. पर एकदम न्हाय. एका खांबापास्नं दुसऱ्या खांबापर्यंत पळायचं, फुडचे दोन खांब चालायचं. पंधरा दिवसांनी एक खांब वाढवायचा. तू लगीच शाणपणा करशील आणि पाय मोडून घेशील, मला म्हाईत हाय.” मी तसंच करणार होतो, म्हणून मला त्याचा जास्त राग आला.

बायकोनं एक अट घातली. “पळायचं तर पळा. पर अंधारात न्हाय. चातुर्मास हाय. पायाखाली काय येतंय ते दिसाय नको?” पावसाळ्यात गांडुळं, गोगलगायी, मुंग्या सगळं रस्त्यावर येतं. ते पायाखाली मरू नये म्हणूनच आर्यिका हे चार महिने हिंडत नाहीत, आणि त्यांच्याबरोबर चालता यावं म्हणून हिचा नवरा तेच जीव चिरडत पळणार, हे तिला मान्य नव्हतं. तीस वर्षं वकिली केलेला मी हा दावा पहिल्याच तारखेला हरलो. पोपटी बनियनवाले पहाटे पाचला अंधारात आपली लाज उरकून घ्यायचे. मला मिळाली सकाळी सातची वेळ. शाळेच्या रिक्षा, दूधवाले, भाजीवाल्या, न्यायाधीशांचा ड्रायव्हर, असं अख्खं बेळगाव बघायला हजर.

पहिल्या दिवशी दुसऱ्या रेल्वे गेटाजवळून निघालो. पहिला खांब ते दुसरा खांब. मी पळायला लागलो आणि पोट माझ्यामागून निघालं. मी थांबलो तेव्हा ते अजून हलत होतं. दोन खांब चाललो, पुन्हा एक खांब पळालो. तिसऱ्या खेपेला डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि मी एका बंगल्याच्या फाटकाला धरून उभा राहिलो. आतल्या बाईनं विचारलं, “कोण पायजे?” मी हातानंच काही नको असं सांगितलं. ती फाटकाला आतून कडी घालून गेली.

आमच्या भागातल्या लोकांना कुणी पळालेलं बघवत नाही. माणूस पळतोय म्हणजे काहीतरी घडलंय, आणि घडलं नसेल तर त्याला गाडीवर बसवून पोचवला पाहिजे, असा इथला माणुसकीचा धर्म. पहिल्या आठवड्यात रोज दोघे-तिघे तरी शेजारी स्कूटर आणून हळू करायचे. “काय झालं, अण्णा? बसा, सोडतो.” मी मान हलवायचो. “लाजू नका, तिकडंच चाललोय.” एक जण तर चिडला. मी त्याच्या गाडीवर बसत नाही म्हणजे जुनं काहीतरी मनात धरून आहे, असं त्यानं धरलं आणि महिनाभर माझ्याशी बोलला नाही. ओळखीच्या एका बाईनं घरी फोन करून बायकोला विचारलं, “कुणाचं काय बरं-वाईट झालं न्हाय न्हवं? सायेब पळत गेले म्हणं.”

सगळ्यात कहर केला खासबागच्या माझ्या एका पक्षकारानं. त्याचे चार पॉवरलूम आहेत, आणि मागाच्या शेडच्या भिंतीवरून भावाशी सात वर्षं दावा चाललाय. एकदा तो तिसऱ्या गेटाजवळ गाठ पडला. मी खांब मोजत पळत होतो, तो माझ्या शेजारून मोटरसायकल चालवत आला. “सायेब, आमची फुडची तारीख कवा हाय?” मला उत्तर देता येईना, तोंडातून नुसती हवा येत होती. त्याला वाटलं मी टाळतोय. “न्हाय, तसं न्हाय, सायेब, खरं काय ते सांगा. भावानं तुम्हाला काय सांगितलंय काय?” एक खांब गेला, दोन खांब गेले. हा आपला चालवतोय, मी पळतोय. थांबायचं ठरलेला खांब कधीच मागं पडला होता, पण पक्षकारासमोर थांबून वाकायचं म्हणजे वकिलीच बुडायची. शेवटी मी रस्त्याकडेच्या दगडावर बसकण मारली आणि बोटांनी दाखवलं, अठरा. “अठरा वर्सं?” तो किंचाळला. पुढच्या महिन्याची अठरा तारीख, हे सांगायला मला पाच मिनिटं लागली.

मग आले बूट. साध्या कॅनव्हासच्या बुटांनी गुडघे दुखायला लागले, म्हणून कॉलेज रोडवरच्या एका दुकानात गेलो. तिथल्या विक्रेत्यानं माझा पाय स्टुलावर घेऊन असा न्याहाळला की मला वाटलं आता नाडी बघतो. तळव्यात हवा भरलेली, टाचेखाली गादी, असले बूट त्यानं मला घातले आणि म्हणाला, “सर, आता तुम्हाला रस्ता लागणारच नाही.” असली वाक्यं ऐकून मी एरवी उठून जातो. त्या दिवशी नवीन बुटांत दुकानातच दोन फेऱ्या मारल्या, आणि बरं वाटलं हे कबूल करायला हवं.

श्रावणात पाऊस थांबेना. टिळकवाडीतले रस्ते पाण्याखाली, म्हणून मी अपार्टमेंटखालच्या पार्किंगमध्ये पळायला लागलो. बारा खांब, त्यांच्याभोवती गोल गोल. वॉचमन बैलहोंगलकडचा कन्नड माणूस. दहा फेऱ्यांनंतर तो खुर्चीतून उठायचा आणि कळवळून म्हणायचा, “साकु सार, साकु.” म्हणजे बस झालं. त्याला वाटायचं मला कुणीतरी शिक्षा केली आहे. पोपटी बनियनवाल्यांपैकी बिल्डर एकदा खाली आला, माझ्याकडं बघून अंगठा वर केला आणि म्हणाला, “ग्रुपला जॉइन व्हा ना, सर!” मी पुढच्या फेरीत त्याच्या गाडीजवळून जाताना तोंड फिरवलं. दोन दिवसांनी लिफ्टमध्ये त्यानं विचारलं, “आज किती झाले?” मी आकडा सांगितला, तो अर्धा किलोमीटर वाढवून. घरात येऊन आरशात स्वतःकडं बघितलं आणि मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या.

मध्ये दशलक्षण पर्व आलं, आणि त्याच्या शेवटी क्षमावाणी. त्या दिवशी आमच्यात सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागायची असते. कुणी म्हणेल, मग त्या दिवशीच मागून टाकायची होती. गेलो होतो की. तिच्यापुढं दीडशे माणसं रांगेत. प्रत्येक जण हात जोडून ‘क्षमा करा’ म्हणतो आणि पुढं सरकतो, मागचा ढकलत असतो. क्षमा करा म्हणणाऱ्यांना कशाबद्दल ते आठवत नसतं, क्षमा करणाऱ्यालाही नसतं. शेजाऱ्याच्या हद्दीत दीड फूट घुसलेला एक गृहस्थ सकाळपासून गुलाबाच्या चित्रासकट सगळ्यांना क्षमेचे मेसेज पाठवत होता, भिंत मात्र जिथल्या तिथं. असल्या ढिगात मला माझी माफी टाकायची नव्हती. रांगेत माझा नंबर आला तेव्हा मी ‘वंदामि, माताजी’ एवढंच म्हणालो. पिंछी उचलली गेली आणि मागच्यानं मला ढकललं.

पण खांब वाढत होते. हे मला कुणाला सांगायचं नव्हतं, कारण सांगायला गेलो की मी त्या लिफ्टमधल्यांसारखा बोलायला लागतो. पण एका सकाळी मी दुसऱ्या गेटापासून तिसऱ्या गेटापर्यंत गेलो आणि मध्ये कुठंच थांबलो नव्हतो, हे मला तिथं पोचल्यावर कळलं. मग नवरात्रात जाऊन-येऊन. मग व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतून एक फेरी, दोन, दिवाळीच्या आधी चार. एकदा डॉक्टरचं न ऐकता दोन आठवड्यांचं काम चार दिवसांत उरकायला गेलो आणि पिंढरी धरली. आठ दिवस लंगडत कोर्टात गेलो. त्यानं फोनवर फक्त हसून दाखवलं.

कोट ढिला झाला तसं बाररूममध्ये सहानुभूती सुरू झाली. बेळगावात माणूस बारीक झाला की त्याला शुगर निघालीच पाहिजे. एक ज्येष्ठ वकील मला बाजूला घेऊन म्हणाले, “काय आसंल ते लपवू नका. मिरजेला एक डॉक्टर चांगले हायत.” कुणी कारल्याचा रस सांगितला. कँटीनवाल्यानं तर न विचारता माझ्या चहातली साखर बंद केली. पळतोय, असं सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. हीच ती माणसं, ज्यांना मी पळणाऱ्यांबद्दलचे विनोद सांगून हसवत आलो होतो. मी त्यांना चांगलं शिकवलं होतं.

दिवाळीनंतर विहाराचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी संघ निपाणीत येऊन थांबला होता. मी उजाडायच्या आत बेळगावहून निघून तिथं पोचलो. फटफटीत उजाडल्याशिवाय आर्यिका पाऊल टाकत नाहीत, त्यामुळं वेळ होता. म्हातारा शेतकरी हजर होताच. मी सरळ त्याच्यापुढं हात केला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, “उतरलायसा की लई,” म्हणाला आणि कमंडलू माझ्या हातात दिला. मग माझ्या पायांकडं बघून म्हणाला, “बूट तेवढे गाडीत ठिवा, सायेब.”

मी खाली बघितलं. मला हे माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. विहारात मुनी-आर्यिकांबरोबर चालायचं ते अनवाणीच, हे मला लहानपणापासून माहीत. जूनमध्येही मी अनवाणीच होतो, पण तो खेड्यातला ओला मातीचा रस्ता, आणि तिथं माझी छाती इतकी लवकर फुटली की पायांवर वेळच आली नाही. चार महिने मी छाती तयार केली. तळव्यांखाली हवेची गादी ठेवून तयार केली. असला मूर्खपणा दुसऱ्या कुणी केला असता तर मी वर्षभर बाररूममध्ये सांगत फिरलो असतो. मी बूट काढले, मोजे काढले. माझे पाय लहान मुलासारखे गुलाबी आणि मऊ दिसत होते.

पहिला किलोमीटर मी राजासारखा चाललो. थंड हवा, बाजूला ऊस, आणि छाती अशी शांत की बसल्या जागी असावी. ती पुढं झपाझप चालली होती, पांढऱ्या साडीचा पदर डोक्यावरून, नजर चार हात पुढच्या जमिनीवर. चार हात जमीन बघूनच पाऊल टाकायचं हा त्यांचा नियम. मी शेजारून, अंतर राखून. मागं मंडळी गळायला लागली आणि मला मनातून आनंद झाला. गाडीतून आलेले भक्त गाडी पुढं नेऊन थांबवायचे, उतरायचे, पन्नास पावलं चालायचे, फोटो झाला की परत गाडीत. एका जाडजूड गृहस्थाची धाप मला मागून ऐकू येत होती आणि मी, मी त्याच्याकडं वळून तुच्छतेनं बघितलं.

दुसऱ्या किलोमीटरला हमरस्त्याचं रुंदीकरण चालू होतं. बाजूला सगळी खडी पसरलेली. तिच्या पायांना त्याचं काही नव्हतं. मी प्रत्येक पावलाला दात आवळत होतो. तिसऱ्या किलोमीटरला डावा तळवा फाटला, ते मला कळलं, कारण खडी एकदम गार लागली. पण छाती शाबूत होती, आणि मागं बघितलं तर दोघी आर्यिका आणि त्यांच्या सोबतीनं चालणारा म्हातारा बऱ्याच मागं राहिले होते. हीच ती जागा. यासाठीच सगळा उद्योग केला होता.

“माताजी,” मी म्हणालो. पाठ केलेली वाक्यं ऐन वेळी सापडेनात. “ती नोटीस मी पाठवायला नको होती. चुकलं माझं. दीक्षेला यायला पाहिजे होतं, तेही आलो नाही. मला तुम्ही जायला नको होतात, एवढंच खरं होतं. ते मला नीट सांगता आलं नाही.”

तिनं नजर जमिनीवरून उचलली नाही. चालत राहिली. एक उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याच्या आवाजात मला वाटलं ऐकूच गेलं नसेल. तो गेल्यावरही ती काही बोलली नाही. मला राग आला. चार महिने पार्किंगमधल्या खांबांना प्रदक्षिणा घातल्या, अख्ख्या गावाचा तमाशा झालो, ते हे ऐकायला? एक ‘बरं’ तरी म्हणावं माणसानं. मी पुढचे दोनशे-तीनशे मीटर मनातल्या मनात तिच्याशी भांडत चाललो, आणि मग लक्षात आलं की पाय आधीइतका दुखत नाहीये.

पाय तसाच होता. ती हळू चालत होती. आठ वर्षांत जिच्याबरोबर चालताना भल्याभल्यांचा दम निघाला, ती आता बाजारात भाजी बघत जाणाऱ्या बाईसारखी चालली होती. खडी सोडून कडेच्या मातीवर आली होती, मला तिच्यामागोमाग मातीवर यावं लागेल अशी. चार हात जमिनीपलीकडं ती बघत नाही, आणि त्या चार हातांत माझे पाय सारखे येत-जात होते. दर डाव्या पावलाला एक लाल डाग पडत होता.

मागची मंडळी आम्हाला गाठायला लागली. म्हातारा जवळ आला, काळजीत. ऊन वर येत होतं, पुढच्या मुक्कामी आहाराची तयारी झालेली, आणि आर्यिकांना दिवसातून एकदाच जेवायचं असतं, त्याची वेळ गेली की गेली. “माताजी,” तो हात जोडून म्हणाला, “ऊन चढाय लागलं. आहाराला येळ हुईल.”

“हळू जाऊ,” ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं. चार पावलं मागं सरला आणि मागून येणाऱ्यांनाही त्यानं हातानं मागं थोपवलं.

मला पुन्हा रागच आला, आधी. तिच्या बरोबरीनं चालता यावं म्हणून मी एवढं केलं, आणि शेवटी तिलाच माझ्यासाठी रखडत चालावं लागत होतं, तेही तिच्या एका वेळच्या जेवणावर पाणी सोडून. मग रडू आलं. साधं नाही, नाक वाहणारं, खांदे हलवणारं, पन्नास माणसांसमोर. धाप लागली असं सांगून ते खपवता आलं असतं, पण चार महिने पळून ती सोय मी घालवून बसलो होतो.